सातव्या थांब्यापाशी वाकलेली रेघ

मांगेरे उपनगरातल्या शेजारणींना विचाराल तर लेसिएली तौफा दातांच्या डॉक्टरांच्या पाट्या करते. तेही काही खोटं नव्हे. ऑकलंडला चौथ्या मजल्यावरच्या एका डिझाइनच्या कचेरीत ती नोकरीला, आणि दवाखाने, रंगाची दुकानं, नळवाले, ज्याला वेबसाइट हवी त्याला ती करून द्यायची. पण बाईचा जीव अडकलेला सोमवारात. दर सोमवारी सकाळी नऊला तिची यादी निघायची. नाव साधंच, ‘सोमवारचे दहा’. आठवडाभरात डोळ्यांत भरलेल्या दहा गोष्टी: एखादी सुबक वेबसाइट, एखादं पोस्टर, माशांच्या डब्यावरचं चित्र, परदेशातल्या बसच्या तिकिटावरची अक्षरं. प्रत्येकीखाली दोन ओळी. वेलिंग्टनपासून लिस्बनपर्यंतची नऊ-दहा हजार डिझायनर मंडळी ती यादी उघडल्याशिवाय कामाला हात लावत नसत. आपल्याला काही सुचेना झालं की शेजारणीच्या स्वयंपाकघरात डोकावावं, तसंच ते.

या यादीचे दोन नियम होते. एक, दहा म्हणजे दहाच. नऊ नाहीत, अकरा नाहीत. दुसरा, ज्याचं काम त्याचं नाव. करणाऱ्याचं नाव सापडलं नाही तर वस्तू कितीही देखणी असो, बाद. या नावांपायी तिनं किती लोकांशी भांडणं केली! कोणी म्हणालं, ‘इंटरनेटवर मिळालं,’ की ही फणकारायची, “इंटरनेटवर काय झाडाला लागलं होतं?” कचेरीतल्यांनी तिच्या चाळिसाव्या वाढदिवसाला एक कप दिला, त्यावर तेच वाक्य छापलेलं: ज्याचं काम त्याचं नाव. त्यातनं ती रोज चहा प्यायची.

अकरा वर्षांत एकही सोमवार चुकला नाही, असं ती सगळ्यांना सांगायची. खरं सांगायचं तर चार-पाच चुकले होते. पण तिच्या धंद्यातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली एक सोय असते. यादी बुधवारी टाका, तारीख सोमवारची घाला. वाचणाऱ्याला सोमवारच दिसतो.

एकदा तर ती टोंगाला, आपल्या मूळ बेटावर, आत्याच्या ओसरीवर बसून हे करत होती. वादळानं चार दिवस नेट गेलं होतं, ते गुरुवारी दुपारी आलं. आत्या शेजारी बसून अळूची पानं निवडत होती. तिनं स्क्रीनकडे बघितलं.

“अगं, आज गुरुवार ना? सोमवार काय लिहितेस?”

“इथं सोमवार लिहिला की सोमवार होतो, आत्या.”

आत्या इतकी हसली की तिची वरची कवळी निसटून पानांत पडली. “देवालासुद्धा नाही जमलं गं हे! त्याला आपलं बिचाऱ्याला रविवारपर्यंत थांबावं लागतं.” मग चर्चमध्ये, दुकानात, जो भेटेल त्याला ती सांगत सुटली की माझी भाची गुरुवारचा सोमवार करते.

ही आत्या म्हणजे तोआकासे, लेसिएलीच्या बापाची थोरली बहीण. आम्हा टोंगन लोकांत बापाच्या बहिणीपुढे बापसुद्धा आवाज चढवत नाही. घरातला शेवटचा शब्द तिचा. आईबाप ऑकलंडला पोटामागे गेले तेव्हापासून लेसिएली नऊ वर्षांची होईपर्यंत आत्यापाशीच होती. आत्या गावातल्या बायकांची मुकादमीण. झाडाची साल धोपटून धोपटून तिचं कापड करायचं, टापा म्हणतात त्याला, आणि त्यावर नक्षी उठवायची. ती नक्षी काढणारा हात आत्याचा. नारळाच्या झावळीतले हीर सोलून, वाकवून, एका जाड पानावर शिवून ती ठसा तयार करायची. तो ठसा फळीवर बांधायचा, वर कापड ताणायचं, आणि तांबूस रंगाचा बोळा घासला की खालची रेघ वर उमटते. दोन्ही बाजूंनी बायका बसायच्या, गाणी चालायची, आणि पोर लेसिएली फळीच्या टोकाशी बसून रेघा बघायची. “ही सरळ आहे का?” आत्या विचारायची. “नाही,” पोर म्हणायची, आणि बहुतेक वेळा पोरीचंच बरोबर असायचं. “माझी नजर हिच्याकडे गेली,” आत्या बायकांना सांगायची, “आता मी आंधळी झाले तरी चालेल.”

एकदा आत्याच्याच पायाचा धक्का लागून रंगाचं भांडं राजघराण्यातल्या लग्नासाठी चाललेल्या कापडावर उलटलं. बायका ओरडत धावल्या, आणि आठ वर्षांची लेसिएली उठून म्हणाली, “मी सांडलं.” तिला मार बसला. आत्या रात्रभर तिला पोटाशी घेऊन निजली आणि दोघींनी ते कुणाला कधी सांगितलं नाही.

पुढं लेसिएलीचा बाप वारला. सेमिसी त्याचं नाव. मांगेरे ते ओटाहुहू या एकाच रस्त्यावर त्यानं एकतीस वर्षं बस चालवली. रविवारी प्रार्थनेनंतर बहिणीला फोन करायचा आणि दुसरं बोलायला काही नसलं की थांबे सांगायचा: पहिला चर्चपाशी, दुसरा मासळीवाल्याकडे, तिसरा शाळेच्या फाटकाशी, असे अकरा. सातव्या थांब्यावर एक लंगडा म्हातारा चढायचा. त्याला रस्त्यात उतरायला लागू नये म्हणून सेमिसी बस पार फूटपाथला घासून लावायचा. त्यापायी त्याला दोनदा दंड झाला, पण ऐकेल तर शपथ. आत्या जन्मात ऑकलंडला आली नाही, पण तो रस्ता तिला तोंडपाठ होता.

भाऊ गेल्यावर चार महिन्यांनी आत्यानं नवा ठसा शिवला. चौऱ्याहत्तर वर्षांचं वय, बोटं सुजलेली, आणि तरी तिनं कुणाच्या जुन्या नक्षीला हात लावला नाही. भावाचा रस्ता काढला. एक लांब रेघ निघते, वळते, अकरा चौकोनांपाशी थबकते आणि फिरून निघाल्या जागी येते; तिथं एक घर मोकळं सोडलेलं. वर्षाच्या दिवशी, थडग्याचा दगड बसवल्यावर, चर्चच्या सभागृहात हा टापा सगळ्या गावापुढं अंथरायचा आणि मग थडग्यावर घालायचा, असा तिचा बेत होता. ‘सगळे विचारतील, हे काय काढलंस? मग मी थांबे म्हणून दाखवीन,’ असं ती म्हणायची. 

पहिला ठसा कापडावर घासून बघितला त्या दिवशी तिनं चर्चच्या कारकुनाच्या फोनवरून लेसिएलीला फोटो पाठवला, आणि लगेच फोन केला.

“बघितलंस?”

लेसिएलीनं फोटो मोठा करून बघितला. बापाच्या बसमध्ये ती शाळेला जायची. तिसऱ्या थांब्यावर उतरायची. तो तिसरा चौकोन तिच्या डोळ्यांपुढं होता.

“रडतेस कशाला, कार्टे? रेघ सरळ आहे का ते सांग.”

“सातव्यापाशी जरा वाकलीय, आत्या.”

“हां!” आत्या खूश झाली. “बरोब्बर पकडलंस. वाकू दे. तो बस आत घ्यायचा ना म्हाताऱ्यासाठी? मुद्दाम वाकवलीय.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “हे बघ, अंथरायच्या दिवसापर्यंत कुणाला दाखवायचं नाही हं. तुझी नजर हवी होती म्हणून तुला पाठवलं. माझ्या भावाचा रस्ता आहे, आधी गावानं बघायचा.”

“कुणाला दाखवेन मी?” लेसिएली म्हणाली.

त्यानंतरचा तिसरा सोमवार. सकाळचे नऊ वाजायला वीस मिनिटं. यादीत दहावं होतं एक कोरियन पोस्टर, आणि नेमकं तेव्हाच एका वाचकाचं पत्र आलं की ते पोस्टर चोरीचं आहे, मूळ काम दुसऱ्याचंच. लेसिएलीनं ते उपटून टाकलं. उरले नऊ. आठवडाभर गोळा केलेलं सगळं तिनं धुंडाळलं. सगळं शिळं, बेचव, कधी ना कधी दाखवलेलं. जळलं मेलं ते दहा! नऊ ठेवले असते तर काय आभाळ कोसळणार होतं? पण अकरा वर्षांची सवय मानगुटीवर बसलेली. फोनमधले फोटो वर सारता सारता तिला ती रेघ दिसली.

एवढं सुंदर त्या आठवड्यात जगात कुठं काही नव्हतं, हे तिच्या नजरेला कळत होतं. आणि तिनं स्वतःला समजावलं, कसं समजावलं बघा: आत्याचं नाव घालायचं नाही, गावाचं नाव घालायचं नाही, म्हणजे दाखवल्यासारखं होत नाही. दहाव्या जागी फोटो लावला आणि खाली लिहिलं: ‘नाव नाही. टोंगा. ही रेघ घाई करत नाही.’ अकरा वर्षांत बिननावाची ती एकच वस्तू. शब्द राखायला गेली आणि त्याच घटकेला ते काम बेवारस करून बसली.

दुपारपर्यंत पत्रांचा पाऊस. ‘तुमच्या यादीतली आजवरची सर्वांत सुंदर गोष्ट.’ ‘कुणाचं आहे हो?’ तिनं उत्तर दिलं, ‘सध्या सांगता येत नाही.’ त्या दिवशी ती दिवसभर गुणगुणत होती. बापाचा रस्ता लिस्बनला पोचला, आत्याच्या हाताला जगानं दाद दिली, असं काहीतरी तिच्या मनात होतं. खोटं कशाला बोलावं, तिला आनंद झाला होता.

पाच महिन्यांनी, एका शनिवारी, ओटाहुहूच्या बाजारात ती शिउमतीच्या दुकानात गेली. शिउमती फिजीची, कापडाची जुनी दुकानदारीण. आमच्या सगळ्या बायकांचे चर्चचे कपडे तिच्याकडचेच. दारातच एक तागा उभा होता. तपकिरी जमीन, काळी रेघ. अकरा चौकोन. लेसिएली जवळ गेली आणि बोटानं मोजत सातव्यापाशी आली. रेघ वाकलेली होती. पुढं हातभर कापड उलगडलं, पुन्हा सातवा, पुन्हा वाकलेली. अख्ख्या ताग्यावर तिच्या बापाची बस फूटपाथला घासून उभी होती.

“घे बेटी, नवीन आलंय,” शिउमती म्हणाली. “धुतलं तरी रंग जात नाही. पडद्याला घे, चादरीला घे.”

“हे... हे कुठून आलं?”

“मला काय ठाऊक? माल येतो, मी विकते. चिठ्ठी बघ, बेटांवरचा जुना पारंपरिक नमुना म्हणून लिहिलंय. तुमचंच की! तू मला विचारतेस?”

लेसिएलीनं ताग्यावरची चिठ्ठी उलटून बघितली. कुणीतरी यादीतून फोटो उचलला असणार, त्याची नक्षी करून इंटरनेटवर कुठंतरी ठेवली असणार, आणि नाव नाही म्हणजे मालक नाही, म्हणजे सगळ्यांचं. दिली कुणीतरी छापायला. हा प्रवास तिला शिकवायला नको होता. यावरच तर तिनं अकरा वर्षं लोकांना झोडपलं होतं.

आता शहाण्या बाईनं काय केलं असतं? त्याच दिवशी आत्याला फोन केला असता, पाय धरले असते. वर्षाच्या दिवसाला अजून दोन महिने होते. हिनं काय केलं? दुकानातले चारही तागे विकत घेतले आणि गाडीच्या डिकीत कोंबले. बाजारात दिसायला नको, एवढंच तिच्या डोक्यात. घरी येऊन संगणक उघडला, तो जुना सोमवार काढला, दहाव्या जागेवरनं फोटो पुसला आणि तिथं चहाच्या डब्याचं एक चित्र चिकटवलं. तारीख तीच, जुनी. फेरफार केल्याचं कुणाला कळायची सोय नाही.

आणि शिउमती? चार तागे एका दमात खपले म्हटल्यावर ती काय गप्प बसणार होती? तिनं चाळीस मागवले. त्यातले अर्धे टोंगाला भावाच्या दुकानात धाडले आणि त्याला सांगितलं, टोंगन बायका यावर तुटून पडतात.

वर्षाचा दिवस आला. लेसिएली आदल्या दिवशी विमानातनं उतरली. आत्या घरातच होती, आठ दिवस घराबाहेर पडली नव्हती. कापडाच्या कडा भरत होती. भाचीच्या गालाला गाल लावून, नाकानं वास घेऊन म्हणाली, “उद्या बघ. थांबे पाठ केलेत मी. एकसुद्धा चुकणार नाही.” लेसिएलीनं तोंड उघडलं होतं. सांगणारच होती. पण आत्या नवरीसारखी हरखलेली, आणि ह्या गावात तर ते कापड दिसलं नव्हतं. वाटलं, निभेल. उद्याचा दिवस पार पडू दे, मग सांगू.

सकाळी दगड बसला, प्रार्थना झाली. काळे कपडे, दुखवट्याच्या रीतीनं कमरेला गुंडाळलेल्या चटया, सगळं गाव सभागृहाकडे निघालं. सहा बायका टाप्याची गुंडाळी खांद्यावर घेऊन पुढं, मागं आत्या, आत्यामागं लेसिएली. आत पाऊल टाकलं आणि लेसिएलीची नजर खिडक्यांवर गेली.

सभागृहाच्या सगळ्या खिडक्यांना नवे पडदे होते. तपकिरी जमीन, काळी रेघ, अकरा चौकोन. खिडक्या चौदा, पडदे अठ्ठावीस.

बायकांना गुंडाळीतलं ठाऊक होतं, त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. पण रीत म्हणून गुंडाळी खाली ठेवली आणि उलगडत नेली.  लोक खाली बघत, वर बघत. पाद्रीणबाई स्वभावानं चांगल्या हो, मनात पाप नाही. त्या दोन्ही हात जोडून पुढं आल्या.

“अगंबाई, तोआकासेबाई! पडद्यांवरनं किती हुबेहूब उतरवलंत! मी सेमिसीदादांच्या दिवसासाठी म्हणून काल पडदे लावले, तुम्हाला चकित करायला. आणि तुम्हीच मला चकित केलंत. दुकानदार म्हणालाच होता, फार जुना नमुना आहे, बेटांवर पहिल्यापासून चालत आलेला.”

 आत्या चालत खिडकीपाशी गेली. पडदा हातात धरला आणि सुजलेल्या बोटानं चौकोन मोजत खाली आली. एक, दोन, तीन. ओठ हलत होते. सातव्यापाशी बोट थांबलं.  मग ती वळली, आणि सगळ्या गावापुढं, शांतपणे, भाचीला विचारलं:

“लेसिएली, तू कुणाला दाखवलं होतंस का गं?”

तीनशे माणसं बघत होती. बापाची माणसं, आईची माणसं, पाद्री, गावाचा मुखिया.

“नाही, आत्या,” लेसिएली म्हणाली.

आत्यानं मान हलवली. तिचा विश्वास होता ना! घरात दुसऱ्या कुणावर नसेल एवढा. थांबे तिनं म्हटलेच नाहीत. टापा गुपचूप थडग्यावर घातला गेला, जेवणं झाली, अळूच्या पानातलं मांस सगळ्यांनी मिटक्या मारत खाल्लं. आत्या पंगतीत बसली होती, पण तिनं घास उचलला नाही.

लेसिएली ऑकलंडला परतली. सोमवार चालूच राहिले. दहा वस्तू, दहा नावं. कपातला चहा मात्र तिला जाईना. कप तिनं कपाटात मागं सारला. पुढचे तीन रविवार आत्या फोनवर नीट बोलायची, फक्त अध्येमध्ये विचारायची, “मी लहानपणी तुला कधी तसं कापड दाखवलं होतं का गं? आठवतंय का?” चौथ्या रविवारी म्हणाली, “मी फळीवर जायचं सोडलं. बायकांना सांगितलं, दुसरी बघा. माझं डोकं चालेनासं झालंय, लेसिएली. बघितलेलं काय आणि सुचलेलं काय, मला उमगत नाही.”

 आपण आत्याचं काम घालवलं, एवढंच लेसिएली तोवर समजत होती. आत्याचं डोकंच आपण तिच्यापासून काढून घेतलं, हे तिला त्या दिवशी कळलं. आता सांगायचंच. काही होवो, तोंडावर थुंकू दे, घरातनं हाकलू दे. तिनं तिकीट काढलं. निघायच्या आधी पुरावा हवा म्हणून तो जुना सोमवार उघडला, चहाचा डबा काढला, आणि फोटो परत दहाव्या जागी लावला. तारीख तीच.

आत्या ओसरीवर बसली होती. मांडीवर ठसा, हातात सुरी. पानावर शिवलेले हीर एकेक करून उसवत होती. सहा चौकोन निघाले होते, पुढ्यात काड्यांचा ढीग. शेजारच्या चुलीवर कंदमुळं शिजत होती आणि ती मधूनच मूठभर काड्या जाळात टाकत होती.

“आत्या, थांब! आत्या, ते तुझंच आहे!” लेसिएली पिशवी टाकून धावली, तिच्या पायाशी बसली. भडाभडा सगळं सांगितलं. कोरियन पोस्टर, दहावी जागा, वीस मिनिटं, शिउमतीचे तागे, सभागृहातलं खोटं. काही म्हणून लपवलं नाही. रडत रडत सांगितलं. “मीच दाखवलं. त्यांनी तुझं चोरलं, तू कुणाचं नाही. तुझ्या डोक्याला काही झालेलं नाही.”

आत्यानं सुरी खाली ठेवली. तिच्या डोक्यावरनं हात फिरवला, लहानपणी फिरवायची तसाच.

“किती गं तुझी माया,” ती म्हणाली.

“माया नाही, आत्या! खरं आहे. हे बघ.” लेसिएलीनं फोन काढून तो सोमवार तिच्या डोळ्यांपुढं धरला. “तारीख बघ. पडद्यांच्या कितीतरी आधीची.”

आत्यानं डोळे बारीक करून बघितलं. “कारकुनाला मी दाखवायला सांगितलं होतं गं तुझं ते सगळं. गेल्याच महिन्यात. म्हटलं, हिनं दाखवलं असेल तर दिसेल तरी. एकेक सोमवार बघितला आम्ही. कुठंच नव्हतं.” तिनं फोनवर बोट टेकवलं. “या सोमवारी चहाचा डबा होता. हे तू आत्ता घातलंस ना?”

“हो... म्हणजे, परत घातलं. आधी होतंच, मी पुसलं होतं...”

आत्या हसली. थकलेलं हसू. “गुरुवारचा सोमवार करतेस तू. इथंच, या ओसरीवर केला होतास. मी गावभर सांगितलं होतं.”

“आत्या, शपथ घेते. बाबांची शपथ घेते.”

“नको. मेलेल्या माणसाला कशाला मधे घालतेस? रंगाचं भांडंसुद्धा तूच सांडलंस म्हणाली होतीस. मार खाल्लास. तेव्हापासून तुझी खोडच आहे, माझं आपल्या अंगावर घ्यायचं. तुझ्या बापाचीपण तीच.” तिनं सुरी पुन्हा उचलली. “सातव्यापाशी वाकलेली रेघसुद्धा पडद्यावर आहे. मी बोटानं बघितली. मी म्हटलं, म्हाताऱ्यासाठी वाकवली. म्हातारा आठवला म्हणून रेघ वाकली, की रेघ डोक्यात होती म्हणून म्हातारा आठवला, काय सांगू? एवढं जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं कापड, आणि मी माझ्या भावाचं म्हणून मिरवायला निघाले. त्याच्या थडग्यावर उचलेगिरी घातली गं मी.”

लेसिएली तिच्या हातातली सुरी ओढायला लागली. आत्यानं नुसतं बघितलं तिच्याकडे, बापाच्या बहिणीनं बघावं तसं. लेसिएलीचा हात आपोआप मागं आला. सातवा चौकोन निघाला. वाकवलेला हीर होता तो, सुटल्यावरही सरळ होईना. आत्यानं तो जरा वेळ चिमटीत धरला आणि चुलीत टाकला.

“एक काम कर माझं,” ती म्हणाली. “तू डोळस आहेस, तुला जगातली माणसं ठाऊक. ज्यानं तो नमुना पहिल्यांदा काढला ना, त्याचं नाव शोध. मेला असेल तर त्याच्या पोराबाळांचं शोध. तुझ्या यादीत लाव आणि लिही, तोआकासेनं चुकून घेतलं, तिला माफ करा. तूच म्हणतेस ना, ज्याचं काम त्याचं नाव?”

पुढच्या सोमवारी लेसिएलीनं यादीत एकच वस्तू ठेवली. खाली आत्याचं नाव, गावाचं नाव, बापाचं नाव, अकराही थांबे, आपला गुन्हा. जगभरनं पत्रं आली. लोक हळहळले, कापडवाल्यांवर संतापले, दोन दिवसांनी विसरले. कारकुनानं ते आत्याला वाचून दाखवलं. आत्यानं फोन केला आणि एवढंच म्हणाली, “आता पुरे. लोकांत माझी कीव नको करूस.” लेसिएली पुन्हा सांगायला लागली तेव्हा तिनं फोन ठेवून दिला, आणि पुढचे दोन रविवार केलाच नाही.

तिसऱ्या रविवारी केला. आता दर रविवारी करते, प्रार्थना आटोपली की. सेमिसी करायचा त्याच वेळेला. तब्येतीचं विचारते, पावसापाण्याचं सांगते. आणि ठेवता ठेवता हमखास विचारते, “सापडलं का गं त्या माणसाचं नाव?”

“शोधतेय, आत्या,” लेसिएली म्हणते.